अपाचे धुतलेले शब्द

१५ एप्रिल, सोमवार

अपाला आंघोळ घातली. दोन चादरी धुतल्या, वाऱ्यामुळे तासाभरात वाळल्या. दुपारी बिश्केकहून अनारकुल एजेंचा फोन आला. एजे म्हणजे ताई, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवतात आणि फोनवरही फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या बोलतात.

"नऊ मेच्या सुट्टीला गाडी घेऊन येतेय. अपाला घेऊन जाते."

"ती इथं बरी आहे, एजे."

"हे ती म्हणाली की तू?"

मी वाळलेल्या चादरीची घडी घालायला घेतली.

"बघ पेरीझात, तू वाईट नाहीस. वाईट असतीस तर सोपं गेलं असतं. तू छत्तीसची, पदरात मूल नाही, माझा भाऊ जाऊन सहा महिने झाले, आणि तू त्याच्या आईचं हगणंमुतणं काढत बसलीयस. लोक तुला शाबासकी देतात आणि मला विचारतात, आई कुठं असते तुझी?"

"मला त्रास होत नाही."

"तुला विचारलंच नाही मी. ती मला स्वतः सांगू दे, इथंच राहते म्हणून. मग मी एक अक्षर काढणार नाही. पण तिनं सांगायचं. तिच्या वतीनं तू नाही."

जानेवारीत अर्धांगाचा झटका आल्यापासून माझ्या सासूबाईंकडे, अपाकडे, एकच शब्द उरलाय. 'आता'. भूक लागली तरी आता, पाय दुखला तरी आता. तिला कळतं सगळं, अशी माझी खात्री आहे. मान हलवते, पण 'हो'लाही हलवते आणि 'नाही'लाही. डॉक्टर म्हणाले, मानेवर भरवसा ठेवू नका. त्यांनी चार आडनावं लिहिलेला कागद तिच्यासमोर धरला आणि स्वतःच्या आडनावावर बोट ठेवायला सांगितलं. तीस वर्षं गावची लायब्ररी चालवलेली बाई. तिनं कागद उलटा करून मांडीवर ठेवला. 'आकलन अंशतः' असं त्यांनी लिहिलं.

चोवीस दिवस आहेत.

१६ एप्रिल, मंगळवार

ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा त्याचा कॉम्प्युटर उघडला. पासवर्ड मला माहीत होता. तरी दोनदा चुकला.

आम्ही दोघं तळ्याकाठच्या तंबू-मुक्कामांच्या वेबसाइट करायचो. दिसणारा भाग माझा, आतला त्याचा. उरलेल्या वेळात त्याचं आणखी एक काम चालायचं. त्याचं म्हणणं असं, की मोठमोठी यंत्रं किर्गिझ लिहितात खरी, पण मनात रशियन बोलून मग लिहितात. म्हणून तीन हिवाळे त्यानं अपाला बोलतं केलं. एकसष्ट तास. एकेक वाक्य ऐकून टाइप केलं आणि त्यावर एक लहानसं भाषेचं मॉडेल शिकवलं. चार शब्द दिले की पाचवा कोणता येईल ते सांगतं. मग सहावा. दुसरं काही त्याला येत नाही. ते वेबपानाच्या आतच चालावं, एकदा उतरवून घेतलं की फोनमध्ये पडून असावं, गावात नेट असो की नसो, हा त्याचा हट्ट. शाळेतल्या मुलांसाठी करत होता.

मी ते अपासाठी करणार आहे. टॅबलेटवर मोठ्या अक्षरात शब्द. तिनं एकाला बोट लावलं की मॉडेल पुढचे तीन शब्द सुचवील, त्यातला एक ती निवडेल. तिन्हींतला कुठलाच नको असेल तर खाली अक्षरांची कळ. डावा हात चांगला चालतो तिचा.

आज पान उघडलं तर उघडेपर्यंत चहा निवला आणि मग पानच गोठलं. मॉडेल आणि पान एकाच धाग्यावर चालत होतं. एक आकडेमोड करतो तोवर दुसऱ्याला हात हलवता येत नाही. मॉडेलला पानाच्या पाठीमागे वेगळं बसवलं. आकडे आखूड करून त्याचं वजनही पाव केलं. संध्याकाळपर्यंत दहादा उठले, दहादा बसले.

अपाची वाक्यं वाचून घेणाऱ्या कोडशेजारी त्यानं लिहून ठेवलंय: 'चुका वाटतील. चुका नाहीत.' काम अर्धवट सोडून वर असं काहीतरी लिहायची त्याला सवय होती.

१८ एप्रिल, गुरुवार

गुरुवार, म्हणून रीतीप्रमाणे गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी तळणीच्या तेलाचा वास काढला. बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले, शेजारी वाटले.

टॅबलेट पहिल्यांदा अपाच्या मांडीवर ठेवला. तिनं 'चहा'ला बोट लावलं. पुढे 'आण' आलं, ते लावलं. पुढे पुन्हा 'चहा'. मग 'आण'. मग 'चहा'. ती लावत गेली, यंत्र देत गेलं. पडदाभर चहा आण चहा आण झालं तेव्हा अपा हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला ओढलं जातं आता हसताना. मी पाच कप चहा ओतून ओळीनं समोर मांडले, तर आणखी हसली.

नंतर स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

२० एप्रिल, शनिवार

मॉडेल विचित्र बोलतं. कारण शोधायला त्यानं टाइप केलेली वाक्यं काढून बसले, आणि कारण सापडलं. नुसत्या चुका आहेत.

'मी या घरात उतरले तेव्हा एकोणीस वर्षांची होते.' 'थोरली मुलगी शहरात उतरते.' 'गाय दिवसभर दारातच उतरून होती.' जिथं जिथं 'राहणे' हवं तिथं 'उतरणे'. चारशे बारा ठिकाणी. एकही जागा सुटलेली नाही. शिवाय लोखंडी बादलीला 'काळ्याची बादली', लोखंडी पलंगाला 'काळ्याचा पलंग'. लायब्ररी चालवलेली बाई असं बोलेल? ऐकून लिहिताना त्याचं लक्ष नसणार, किंवा आधी कुठल्यातरी यंत्राकडून लिहून घेतलं असणार आणि ते यंत्र चुकलं असणार. मी तिच्याशी निम्मं रशियनच बोलत आले. तीही माझ्याशी जपून, पुस्तकी बोलायची. तिचं घरचं बोलणं त्याच्या वाट्याचं.

आवाज ऐकून पडताळता आलं असतं. पण प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला प्रश्न तो विचारतो. नाही ऐकल्या.

सगळं धुवून काढलं. 'उतर'च्या जागी 'राह', 'काळ्याची'च्या जागी 'लोखंडी'. एका आज्ञेत झालं. मग दिवसभर एकेक वाक्य डोळ्यांखालून घातलं. आता वाचायला बरं वाटतं.

२३ एप्रिल, मंगळवार

सकाळी सहाला मॉडेल पुन्हा शिकवायला लावलं. अकरा तासांचं काम. दुपारी चारला वीज गेली. दहा तास वाया. मधल्या मधल्या पायऱ्या साठवून ठेवायच्या असतात हे मला माहीत होतं, तरी ठेवल्या नाहीत.

अंगणात गेले, परत आले. अपा खिडकीतून माझ्याकडे बघत होती. "आता," म्हणाली. "हो अपा, आता परत लावते," म्हटलं. तिला दुसरंच काही म्हणायचं असेल.

२५ एप्रिल, गुरुवार

काल शिकवून झालं. आज दिवसभर अपा आणि टॅबलेट. 'सूप खारट.' 'पाय झाक.' 'सायराकान आली नाही.' पूर्ण वाक्यं, स्वतःची. सायराकान एने शेजारच्या आजी. दोघी एकाच वर्षी या गल्लीत सुना होऊन आल्या. त्या नातीच्या बाळंतपणाला गेल्यात हे अपाला सांगायचं मी विसरले होते. चार महिने ती वाट बघत असेल आणि मला कळलं नसेल अशा आणखी किती गोष्टी आहेत कोण जाणे.

एक लिहून ठेवते. 'मी'ला बोट लावलं की पहिल्या जागी 'राहते' येतं. दुसरं 'जाते', तिसरं 'पिते'. हे मी बसवलेलं नाही. मॉडेल मोजून देतं, जो शब्द जास्त वेळा तो आधी. पण ती चारशे बारा वाक्यं मी माझ्या हातानं दुरुस्त केली आहेत, आणि पहिल्या जागी 'राहते' दिसल्यावर मला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली. दोन्ही एकामागोमाग.

'राहते'जवळ तिचं बोट गेलं की घुटमळतं आणि मागं येतं. तीनदा पाहिलं. बटण लहान पडत असेल. मोठं केलं.

२८ एप्रिल, रविवार

एजेंना व्हिडिओवर घेतलं. नऊ मेच्या आधी त्यांनी एकदा बघावं असं मला वाटलं. घाई केली.

"अपा, मी अनार. दिसते का?" एजे मोठ्यानं म्हणाल्या.

"बहिरी नाही झालेली ती," मी म्हटलं.

"तू मधे बोलू नकोस. अपा, तुझ्या मनात काय आहे? तिथं की माझ्याकडे? घाई नाही."

अपानं 'मी'ला बोट लावलं. तीन शब्द आले. बोट 'राहते'वर गेलं, हवेतच थांबलं. बोट मागं. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. तीन मिनिटं तरी गेली. बटण आता तळहाताएवढं आहे, न दिसण्याचा प्रश्न नाही. मग तिनं 'जाते'ला बोट लावलं, पुढं काय येतं ते बघत बसली, आणि एकदम सगळ्या पंजानं पडद्यावर थाप मारली. "आता," म्हणाली. "आता, आता."

"झालं," एजे म्हणाल्या. आवाज खाली आला होता त्यांचा. "माझ्यावर नको चिडू. यंत्र तूच केलंस."

टॅबलेटची काच शाबूत आहे. अपा भिंतीकडे तोंड करून निजली. माझ्यावर रागावली आहे. तिला जायचं होतं आणि मी इतके दिवस तिच्या बोटाखाली 'राहते' सरकवत होते, असंच ना ते.

३० एप्रिल, मंगळवार

अपाचे हिवाळी कपडे पेटीत घातले. लोकरी मोजे सात जोड. एक जोड त्याचा निघाला, तो बाजूला ठेवला, मग परत पेटीतच घातला.

जर्दाळू फुललेत. कुणी बघायला नाही.

पान उघडून स्वतःच 'मी'ला बोट लावलं. राहते. पुन्हा लावलं. राहते. बंद केलं.

२ मे, गुरुवार

सकाळी बोर्सोक तळले. सायराकान एने नातीकडून परतल्या त्या थेट आमच्याकडे. दारातूनच सुरू झाल्या. "मुलगा झाला. आजोबांसारखं डोकं, कलिंगड. बाईगं, तू अजून जिवंत? मला वाटलं माझी गंमत करायला तू आधी जाशील." अपा हसली. त्यांनी मुका घेतल्यासारखा तिच्या गालाचा वास घेतला, शेजारी बसल्या, टॅबलेट बघितला. "हे काय, पाळणाघरातलं?"

मी समजावलं. सायराकान एनेंनी चष्मा लावला. "बघू, मला म्हणायचंय, मी आले." अपानं त्यांच्यासाठी 'मी'ला बोट लावलं. राहते, जाते, पिते. सायराकान एने वाचत होत्या. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"पोरी, हा पहिला शब्द कुणी घातला?"

"यंत्रानं. अपाच्याच बोलण्यातून."

"हिच्या बोलण्यातून? हा? पंचावन्न वर्षं ओळखते मी हिला. हिच्या तोंडून हा शब्द निघाला तर माझं नाव बदल."

"का? साधा शब्द आहे."

"साधा! तुझ्या आजेसासऱ्यांचं नाव काय?"

मी कधी घेतलंच नव्हतं, घरात त्यांना थोरले आबा म्हणायचे. पण माहीत होतं. "तुर्दुबाय," मी म्हटलं.

"म्हणजे काय?"

मी मनातल्या मनात शब्द फोडला. तुर्दु, राहिला. आधीची चार मुलं गेली, हा राहिला, म्हणून नावच तसं ठेवलं.

"सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही," सायराकान एने म्हणाल्या. "नावात जो शब्द लपलाय तोही नाही. सासरा मेला तरी नाही. आणि तू काय केलंस, म्हाताऱ्याला उचलून हिच्या बोटाखाली ठेवलंस. दाब म्हणे!" त्या हसायला लागल्या. "माझा थोरला दीर कोयचू. म्हणजे मेंढपाळ, मेंढ्या आल्या की नाही नावात? चाळीस वर्षं कळपामागे फिरले, पण 'मेंढी' म्हणाले नाही. 'बें करणाऱ्या' म्हणायचे. एकदा मोजणीचा माणूस आला, विचारतो, किती मेंढ्या? मी म्हटलं, बें करणाऱ्या साठ. तो म्हणाला, बाई, बकऱ्या वेगळ्या सांगा."

अपा हसत हसत रडत होती. "आता," म्हणाली.

"आणि लोखंडाला काळं का म्हणायची?" मी विचारलं.

"हिचा दीर तेमिरबेक. लोखंडच तो. स्वभावानंही."

"मग 'राहते' म्हणायचं झालं तर?"

"'उतरते.' पाखरू उतरतं तसं. तांडा उतरतो तसं. तू कशी हाक मारायचीस गं नवऱ्याला?"

"नावानं. आम्ही शहरातले."

"मग घे की एकदा. हिवाळ्यापासून तुझ्या तोंडून ऐकलं नाही मी."

मी चहा बघायला उठले.

३ मे, शुक्रवार

माझ्या पासपोर्टवर बारा वर्षं तुर्दुबायेवा लिहिलंय. अपाच्याही. लायब्ररीच्या जुन्या रजिस्टरात ती सही कशी करायची ते आज काढून बघितलं. नाव पूर्ण, आडनावाचं एक अक्षर आणि टिंब. सगळ्या पानांवर. आणि डॉक्टरांनी तिला कागदावर कशाला बोट लावायला सांगितलं होतं तेही आठवलं.

न धुतलेली वाक्यं त्यानं वेगळी ठेवली होती, म्हणून ती आहेत. एक फाइल ऐकली. पहिले अकरा सेकंद तो आहे. "अपा, तुला शहरात राहायला सांगितलं तर?" मग ती. "उतरेन की. दोन दिवस उतरेन, तिसऱ्या दिवशी उठेन." मागं बश्यांचा आवाज. त्या बश्या मी मांडत असणार.

पुढच्या नाही ऐकल्या. पहाटे पाचला शिकवायला लावलं. या वेळी दर तासाला साठवलं. वीज गेली नाही.

४ मे, शनिवार

नवं मॉडेल पानात बसवलं. अपानं 'मी'ला बोट लावलं. उतरते, जाते, पिते. तिनं 'उतरते'ला बोट लावलं नाही, नुसतं त्या शब्दावरून फिरवलं, सुईत दोरा ओवायच्या आधी बोटानं टोक चाचपतात तसं. मग माझ्याकडे बघितलं. मी "माफ कर, अपा" म्हटलं. तिनं टॅबलेटवर लिहिलं, 'सूप खारट.' आज सूप केलंच नव्हतं.

मी तिला तो प्रश्न विचारलेला नाही. एजे येईपर्यंत विचारणार नाही. विचारला तर उत्तर आधी मला कळेल, आणि मग नऊ तारखेपर्यंत मी काय काय करीन ते मला सांगता येत नाही.

६ मे, सोमवार

पेटीतले मोजे परत कपाटात ठेवले. मग वाटलं हे उत्तर आधीच ठरवल्यासारखं झालं. परत पेटीत. पेटी उघडीच ठेवली.

एक गोष्ट सलते. त्या चारशे बारा वाक्यांत 'उतरते' म्हणजे 'राहते', असं मी धरलं आणि बदललं. पण मॉडेल 'उतरते'नंतर जे शब्द सुचवतं ते 'राहते'नंतर येणारे नाहीत. 'कायमची' येत नाही. 'उन्हाळाभर' येतं. 'पाहुणी' येतं. 'आणि उठते' येतं. पन्नास वर्षं एकच शब्द टाळत त्याच्या जागी दुसरा वापरला, तर माणूस हळूहळू दुसऱ्याच शब्दात विचार करायला लागत असेल का, मला माहीत नाही. त्याला विचारता आलं असतं. तो म्हणाला असता, कोडशेजारी लिहिलंय की.

९ मे, गुरुवार

सुट्टी. एजे आणि त्यांचे यजमान अकराला आले. कोकराचं मांस, दोन पोळ्या, औषधांची पिशवी. यजमान फार बोलत नाहीत. जेवले आणि गाडीचं तेल बघायला बाहेर गेले.

मी एजेंना सायराकान एनेंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्या या घरची लेक, त्यांना या शब्दांची बंदी कधीच नव्हती. आईची तऱ्हा म्हणून लहानपणापासून ऐकलेलं, एवढंच.

"बादलीला काळी म्हणायची ते आठवतं मला," त्या म्हणाल्या. "वाटायचं, डोळे अधू आहेत." मग थोड्या वेळानं, "पण पेरीझात, आधी यंत्र 'राहते' सुचवत होतं, आता 'उतरते' सुचवतं. बोलतंय कोण? ती की ते?"

हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. "ते सुचवतं," मी म्हटलं, "नाकारते ती. गेल्या वेळी तुमच्यासमोर नाकारलं."

अपाला खिडकीपाशी बसवलं. एजे गालिच्यावर तिच्या पायांशी बसल्या, फळ्यासमोरच्या नव्हेत, मुलीसारख्या. मी दाराशी उभी होते, पडदा मला दिसत नव्हता. एजे एकेक शब्द मोठ्यानं वाचत होत्या.

"मी. इथं. उतरते."

एजेंनी माझ्याकडे बघितलं नाही. "बरं," म्हणाल्या. "बरं, अपा. मी शब्द दिलाय."

पण अपाचं झालं नव्हतं. बोट फिरत होतं.

"वर्षाचं. जेवण. होईपर्यंत." ऑक्टोबरात त्याचं वर्ष घालायचंय. चार पाहुण्यांना मी आत्तापासून सांगून ठेवलंय. "मग. उठते. अनारच्या. दारात. उतरते."

एजेंनी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मला वाटलं संपलं. मी चहाला वळले. तेवढ्यात एजे म्हणाल्या, "थांब, अजून आहे. सून."

मी थांबले.

"सूनच्या पुढे काय येतंय?" मी विचारलं.

"'चहा.' 'आण.' 'ये.'" एजेंना हसू आलं. "त्या तीन हिवाळ्यांत हेच म्हणाली असणार ती तुला."

अपानं तिन्ही शब्दांना बोट लावलं नाही. खालची अक्षरांची कळ दाबली. ती कळ तिनं आजवर वापरली नव्हती. फार वेळ लागला. बाहेर एजेंच्या यजमानांनी गाडीचं झाकण उघडलं आणि लावलं, पुन्हा उघडलं. दोन अक्षरं झाली.

एजेंनी वाचलं नाही. टॅबलेट माझ्याकडे वळवला.

सून ऊठ.

"हे यंत्राचं नाही," एजे म्हणाल्या.

"नाही."

"तूही ऊठ म्हणते. जेवण झालं की."

"मला कुठं जायचं नाहीये."

"मला काय सांगतेस? तिला सांग."

मी अपाजवळ गेले. म्हटलं, "मला कुठं जायचं नाहीये, अपा. मी इथंच बरी आहे." तिनं माझं मनगट धरलं. डाव्या हातात अजून जोर आहे.

"आता," म्हणाली.

आता म्हणजे आज की ऑक्टोबर, की दुसरंच काही, ते मी विचारलं नाही. टॅबलेट तिच्या मांडीवर होता, तिला लिहिता आलं असतं. तिनंही लिहिलं नाही.

एजे चारला निघाल्या, एकट्या, म्हणजे यजमानांबरोबर. गाडीत बसताना म्हणाल्या, "सप्टेंबरात येते मदतीला. आणि पेटी भरून ठेवलीयस ती दिसली मला. उघडी होती."

"कुणासाठी भरली ते माझं मलाच कळेना."

"अर्धी-अर्धी करा," त्या म्हणाल्या आणि काच वर घेतली.

१० मे, शुक्रवार

काही केलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला, तो मुलांसाठी करत होता त्या पानाचं काय झालं म्हणून. बघते म्हटलं. कुठून बघणार, कुठं असेन तेव्हा, असं मनात आलं, आणि हा प्रश्न मनात आला याचाच राग आला.

अपा दिवसभर लिहीत होती. 'फुलं गळतात.' 'सायराकान लबाड.' माझ्याविषयी काही नाही.

१२ मे, रविवार

सायराकान एने अपापाशी बसल्या होत्या, म्हणून मला बाहेर जाता आलं. सकाळी सात ते नऊ पाटाचं पाणी आमच्याकडे होतं. फावडं घेऊन जर्दाळूंच्या खाली दारं धरलं. पहिल्या ओळीत पाणी पुरलं, तिचं तोंड चिखलानं लिंपून बंद केलं, दुसरीचं मोडलं. पाणी गढूळ आणि थंड. रबरी बुटात शिरलं. गळलेली फुलं आणि गेल्या वर्षीची पानं सरीत साचली होती, तिथं ते अडून कडेनं फुटायला लागलं, म्हणून पाण्याच्या पुढे चालत, वाकून, हातानं कचरा काढत शेवटच्या झाडापर्यंत गेले.